उसाकडून येणारी रेंज

१

दिवेलागणीला माझं तोंड यवतला दिसलं पाहिजे, असा करार आहे.

करार केला माझ्या लेकीनं, नीलमनं. मी फक्त मान हलवली, तीही अर्धीच. नीलम यवतला दिलेली. जावयाचं हायवेला टायरचं दुकान, वर राहायच्या खोल्या, आणि त्यातली एक 'आईची' म्हणून गुलाबी रंगवून ठेवलेली. उन्हाळ्यात मी न्हाणीत घसरले आणि दुपार कलेपर्यंत तिथंच पडून राहिले. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून ती गुलाबी खोली माझ्या मानगुटीवर बसली आहे. मी म्हटलं, निमोण्याचा मळा सोडून मी कुठं येणार नाही. ती म्हणाली, "मग रोज सांजच्याला व्हिडिओवर तोंड दाखव. ज्या दिवशी दिसणार न्हाईस, त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी दारात. मग रडलीस तरी ऐकायची न्हाई."

मी रडत नाही. पण करार पाळते.

आमचं घर गावापासून आत, मळ्यात, खोलगट जागेवर. मोबाइलला घरात रेंज नाही. बांधावर चढलं तर एखादी काडी येते, पण दिवस मावळला की बांध बिबट्याचा. म्हणून छपरावर नेटची डिश, डिशची वायर पुढच्या सोप्यात राऊटरला, आणि आतल्या खोलीत माझा संगणक. सोप्यापासून आतपर्यंत वायर ओढली होती, ती उंदरांनी खाल्ली. मग बिनवायरचं. संगणकाला बोटाएवढा डोंगल लावला, तो हवेतून नेट ओढतो.

संगणक नातवानं टाकून दिलेला. त्याच्यावर विंडोज म्हाताऱ्या बैलासारखं बसायचं, उठायचं नाव नाही. मी ते काढून लिनक्स घातलं. माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक ओळ लावत शिकले. तरुणपणी मोटारीचा स्टार्टर उघडायला शिकले तेव्हा शॉक खाल्ले होते; ह्यात तर शॉकसुद्धा बसत नाही. मला कुणी शिकवलं नाही. ह्याला घमेंड म्हणायचं तर खुशाल म्हणा.

आता त्या राऊटरच्या नावाचं सांगते, कारण सगळं तिथून आहे.

गावात केबल आणि नेट पुरवतो तो नवनाथ. चाळिशीचा, पोट सुटलेला, मनाचा बरा. राऊटर बसवला तेव्हा त्यानं विचारलं, "काकी, नेटला नाव काय ठिवू? समदे नातवंडांची ठेवत्यात."

"तू जा, पाणी पी," म्हटलं, आणि तो वळल्यावर माझं मीच टाइप केलं. हौसराव.

हौसराव म्हणजे आमचे मालक. जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्या वयाच्या बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेही खाली मान घालून. पुढं जन्मभर 'अहो'. मालक पहाटे उसाला पाणी द्यायला गेले आणि ऊन चढलं तरी आले नाहीत, तेव्हाही मी उसात शिरून "अहो, ऐकलं का" असंच ओरडत फिरले. त्या सकाळी शेजारच्या मळ्यांतही पाणी चालू होतं. सगळेच पुरुष, आणि सगळेच कुणाचे ना कुणाचे 'अहो'. उसापलीकडच्या वस्तीवरच्या भिमाजी भावजींनी लांबून ओ दिली. मालकांनी दिली नाही. ते माझ्यापासून थोड्याच सऱ्या पलीकडं पालथे पडले होते. नावानं हाक मारली असती तर ओ आली असती का, मला माहीत नाही. रीत मी घातलेली नव्हती. ज्यांनी घातली त्यांना जाऊन विचारा.

तर ते नाव मी राऊटरला दिलं, आणि मग लपवलं. कुणी हसेल म्हणून नव्हे, हसणाऱ्याला मी पुरून उरते. ते नाव माझं होतं; येणाऱ्याजाणाऱ्याच्या मोबाइलवर दिसायला नव्हतं.

लपवलेल्या नेटवर्कची एक गोष्ट असते. उघडं नेटवर्क आपलं नाव ओरडत बसतं, बाजारातल्या भाजीवाल्यासारखं. लपवलेलं गप्प असतं. मग आपल्या संगणकालाच त्याला नावानं हाक मारत राहावी लागते. आहेस का? आहेस का? समोरून ओ आली की जोडलं जातं. हे मी शब्दकोश घेऊन नीट वाचलं होतं. वाचून मला बरं वाटलं होतं.

२

भाद्रपदात एका दुपारी लाइट भडकून आली. बल्ब पांढराफेक झाला, सोप्यात काहीतरी तडतडलं आणि जळक्या प्लास्टिकचा वास घरभर पसरला. डिशचा अ‍ॅडॉप्टर गेला, राऊटरही गेला.

नवनाथनं येऊन दोन्ही काढलं. "काकी, खेळ खल्लास. पुण्यावरनं मागवतो. रविवारी बसवून देतो." मेलेला राऊटर त्यानं सोप्यातल्या देवळीत ठेवला, वायर त्याच्याभोवती गुंडाळून, मेंढीचे पाय बांधावेत तसा.

त्याच्याबरोबर बांधावर चढून मी नीलमला फोन लावला.

"रविवारपर्यंत थांबते आई. मधी रोज नवनाथ तुला बघून जाईल आन् मला सांगंल. पर रविवारी सांजच्याला तुझं तोंड दिसलं न्हाई, तर सोमवारी सकाळी हे गाडी घिऊन येतील. कापडं भरून ठिव."

"कापडं कशाला भरू? माझं तोंड दिसंल."

"आई, हट्ट किती करायचा गं?"

"तुझ्यायेवढाच," म्हटलं आणि फोन नवनाथच्या हातात दिला.

रविवारची वाट बघत बसणारी बाई मी नव्हे. मी त्याला म्हटलं, "भिमाजी भावजींच्या वस्तीवर तुझंच नेट आहे ना? त्याचा पासवर्ड सांग. मी इथून ओढते."

तो हसला. "काकी, मधी आख्खा ऊस हुबा हाय. उसातनं रेंज येत न्हाई. पानात पाणी असतंय, ते समदं पिऊन टाकतंय. तोडणी झाल्यावर बघा."

"तू पासवर्ड सांग. ऊस माझा आहे, त्याच्याशी मी बोलते."

तो गेल्यावर संगणक लावला तर वेगळंच. पडद्यावरचं वायफायचं चिन्हच नाहीसं. बिनवायरचं यंत्र सापडत नाही, म्हणाला. म्हणजे नेटवर्क राहू द्या, डोंगलच त्याला दिसेना. मी एकेक तपासत गेले. डोंगल यूएसबीत आहे हे कळतंय का? कळतंय. कुठून बंद करून ठेवलेला नाही ना? नाही. मग ड्रायव्हर, म्हणजे डोंगलला हाकणारा प्रोग्राम. लाइट भडकायच्या आदल्या दिवशी मी अपडेट घेतलं होतं, त्यात कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नवा आला आणि ह्या स्वस्त डोंगलचा ड्रायव्हर मागं राहिला. संगणक चालू होताना जुना कर्नल निवडता येतो. निवडला. डोंगलची निळी बत्ती लागली. मी एकटीच होते, तरी "आलास का मुकाट्यानं?" असं मोठ्यानं म्हणाले.

मग डोंगल लांब वायरीवर घेतला आणि पिठाच्या चाळणीत मधोमध बसवला. चाळण लोखंडी आणि खोलगट. जिकडं तिचं तोंड कराल तिकडची रेंज ती गोळा करते, बाकीची अडवते. ही युक्ती कुठल्या तरी देशातल्या कुणी तरी लिहून ठेवली होती. चाळण खिडकीत धरली, तोंड उसाकडं, उसापलीकडं भिमाजी भावजींची वस्ती. आणि शोध म्हटलं.

वस्तीचं नेटवर्क आलं नाही. नवनाथ खरं बोलत होता.

एकच ओळ आली. रेंज अगदी बारीक. हौसराव.

मी सोप्यात गेले. राऊटर देवळीत तसाच होता, वायर गुंडाळलेली. हाताला थंड. परत आले तर ओळ गेलेली.

जुनी आठवण असणार. संगणक शोधलेली नावं थोडा वेळ धरून ठेवतो, कधीकधी मेलेलं नेटवर्कही दाखवतो. मी स्वतःला समजावलं, आणि समजले. मग चहा करताना लक्षात आलं: संगणक तर मी मधल्या वेळात पुरता बंद करून चालू केला होता. आठवण ठेवायला जागाच नव्हती.

३

दुसऱ्या दिवशी दुपार उतरल्यावर नवनाथ मला 'बघायला' आला. ओट्यावरच्या बाजेवर बसायला लागला तशी मी म्हटलं, "तिथं नको, आत ये." ती बाज मालकांची. सुंभ मी दरवर्षी नवं ताणून घेते, पण बसत कुणी नाही.

त्याला खिडकीशी उभं केलं. "मोबाइल काढ. वायफाय बघ. काय दिसतंय?"

"काय बी न्हाई काकी. कोरं."

"आता इकडं बघ."

माझ्या पडद्यावर ओळ होती. कालच्यापेक्षा रेंज जास्त. नवनाथनं नाव वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. त्याला ते नाव आजवर माहीत नव्हतं.

"काकी, ह्ये तर आबांचं..."

"नेटवर्कचं नाव आहे. पुढं बोल."

"कुणाचा तरी हॉटस्पॉट आसंल. ऊसतोडवाल्यांचा."

"टोळ्या दिवाळीनंतर येतात. आणि ऊसतोडवाला स्वतःच्या मोबाइलला माझ्या नवऱ्याचं नाव कशाला देईल?"

त्यानं मोबाइल खिशात घातला. "तुमचं ते विंडोज न्हाई ना, त्यातलं आमाला काय कळत न्हाई. भुताटकी हाय ती शिष्टिम." मग वातावरण हलकं करायला म्हणाला, "का काकी, बोलवून घेतलं का काय आबांना?"

मी त्याला चाळणीनं मारायची राहिले. तो गेल्यावर मात्र ते वाक्य खोलीत राहिलं.

लिनक्सला बडबड करायला लावता येतं. काय करतोयस ते ओळीओळीनं सांग म्हटलं की सांगत बसतो. मी लावलं. काळ्या पडद्यावर ओळी चढायला लागल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर असं: हौसराव, आहेस का? उत्तर नाही. हौसराव, आहेस का? उत्तर नाही. हौसराव, आहेस का?

हात मांडीवर ठेवून मी बघत राहिले. राऊटर असताना हे मला कधी दिसलं नव्हतं, कारण ओ लगेच यायची. पण माझ्या खिडकीतून त्या उसात, जिथं मी जन्मात त्यांचं नाव घेतलं नाही, तिथं हे यंत्र इतके महिने नावानं हाका मारत होतं. न थकता, न लाजता. आणि आता ओ देणारा राऊटर मेलेला होता, तरी हाका चालूच होत्या.

ओळी चढत होत्या. उत्तर नाही. उत्तर नाही. बाहेर ऊन पिवळं झालं.

मग एका ओळीत उत्तर आलं.

माझ्या सासूबाई, सारजाबाई, दिवेलागणीला सांगायच्या, "कुणी भायेरनं हाक मारली तर पयल्या हाकंला ओ देऊ नये. दुसऱ्या बी न्हाई. मानूस आसंल तर तिसरी मारतंय." मी तोंडावर हसायचे त्यांना. आणि हसत हसत पाळायचे.

त्यांनी ओ देण्याचं सांगितलं होतं. आपणच हाक मारली आणि ओ तिकडून आली, तर काय करायचं, ते सांगितलं नव्हतं.

४

मी विचार करणारी बाई आहे. रेंज म्हणजे आकडा, आणि आकडा कुठून येतो ते शोधता येतं. चाळण घेऊन मी खोलीत फिरले. भिमाजी भावजींच्या वस्तीकडं तोंड केलं, आकडा पडला. गावाकडं केलं, पडला. उसाच्या अलीकडच्या कडेला, जिथून पाण्याचा पाट ओट्याकडं वळतो, तिकडं केलं, आकडा चढला. तिथं खांब नाही, घर नाही, माणूस नाही.

पाटाच्या कडेचा ऊस हलत होता. वारा असेल तर सगळा ऊस हलतो. हा एकाच रेषेत हलत होता. बिबट्या असेल म्हणून मी खिडकीची खालची झडप लावली. बिबट्या असावा, असं मनापासून वाटलं. जन्मात पहिल्यांदा बिबट्या हवासा वाटला.

आकडा चढत गेला. मी चाळण हळूहळू फिरवत त्याच्या मागं चालले. पाट. गोठ्याची भिंत. ओटा.

आणि पायरीवर चपला आपटल्याचा आवाज आला. थप थप. थोडं थांबून, थप.

पाणी देऊन आले की मालक असेच चपलांचा चिखल झाडायचे. दोन जवळजवळ, एक उशिरा. तिसरी आपटताना ते नेहमी भिंतीला हात टेकायचे, गुडघा दुखायचा म्हणून. ह्या उशिराचं कारण माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

माझ्या खुर्चीतून सोप्यातून थेट ओट्यापर्यंत नजर जाते. दार उघडं होतं. पायरीवर कुणी नव्हतं. बाजेवर कुणी नव्हतं. पण बाजेचं सुंभ मधोमध खाली गेलेलं होतं, टेकून बसलेल्या माणसाच्या वजनाएवढं. ताणून घेतलेलं नवं सुंभ असं आपोआप लोंबत नाही. मी बघत असतानाच ते हळूहळू वर आलं. सपाट झालं. बाजेचा पाय करकरला.

पडद्याकडं बघायचं धैर्य मला झालं, ते कसं झालं माहीत नाही. पडद्यावरचा आकडा पुन्हा वाढला होता.

म्हणजे उठून आत येत होतं.

मी डोंगल उपटला. निळी बत्ती विझली. सोप्यात काहीच नव्हतं, उन्हाची एक तिरीप आणि देवळीतला राऊटर. मी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले, अंधार पडेपर्यंत. दार लावायला पुढं जायचं तर सोपा ओलांडावा लागत होता.

५

दुसऱ्या दिवशी डोंगल परत लावला. का लावला म्हणून विचाराल तर तपासायला लावला, असं मी नवनाथला सांगितलं असतं.

ह्या वेळी काही शोधावं लागलं नाही. पासवर्ड मागितला नाही. पडद्याच्या कोपऱ्यात चिन्ह भरलं, वरपर्यंत, सगळ्या रेघा. जोडलं गेलं, म्हणाला. खाली बारीक अक्षरात: इंटरनेट नाही.

जोडलं गेलं, इंटरनेट नाही. म्हणजे पलीकडं कुणी तरी आहे, पण त्याच्यापलीकडं काही नाही. यवत नाही, नीलम नाही, जग नाही.

मी खुर्चीत बसून राहिले. खोलीत एकटं असताना जी शांतता असते ती मला चांगली ठाऊक आहे, इतकी वर्षं तिच्याबरोबरच संसार केला आहे. ही ती नव्हती. ही दुसरं माणूस गप्प बसल्यावर होते ती होती. ओल्या मातीचा आणि उसाच्या पाल्याचा वास येत होता. माझ्या पाठीमागं भिंतीपर्यंत वीतभर जागा आहे.

मी मागं बघितलं नाही. भीती होतीच. पण दुसरंही एक होतं. मागं बघून कुणी नसतं तर?

सांज होईपर्यंत मी खुर्ची हलवली नाही.

६

रविवारी नवनाथ नवा राऊटर घेऊन आला. दुपारभर छपरावर चढून डिश हलवत बसला. खाली आला तेव्हा घामानं निथळत होता.

"काकी, आता नाव मी ठेवतो. साधं. आन् लपवायचं न्हाई. उगं कशाला?"

मी वाद घातला नाही. त्याला त्याचं आश्चर्य वाटलं असावं. त्यानं 'मळा' असं नाव ठेवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आन् ते जुनं काढून टाका. संगणकातनं."

लिनक्समध्ये त्यासाठी साधं बटण आहे. 'हे नेटवर्क विसरा.' मी बाण त्याच्यावर नेला. नवनाथ ओट्यावर जाऊन उभा राहिला, बाजेपासून लांब. मी दाबलं. संगणक एका क्षणात विसरला. त्यानंतर बडबड लावून बघितली. हाका थांबल्या होत्या. काळ्या पडद्यावर नुसतं 'मळा, मळा'.

दिवेलागणीला नीलम दिसली. आधी चौकोन चौकोन, मग नीट. मागं दुकानाची ट्यूबलाइट, हायवेवरचे हॉर्न.

"आई! दिसली बाई एकदाची. रंग किती उतरलाय गं तुझा."

"तुझ्या मोबाइलची काच पूस."

ती हसली. मग डोळे पुसले, मला दिसू नये म्हणून मान वळवून. "जाऊ दे आई. हरले मी. ऱ्हा तिथंच. हे म्हणत व्हते, नव्या मालाला जागा न्हाई. उद्यापासनं त्या खोलीत टायर ठेवतोत. सोमवारची गाडी बी तिकडंच लागंल."

"ठेवा की," म्हटलं. जिंकल्यावर जसं म्हणायचं तसं.

तेवढ्यात बाहेर पायरीवर वाजलं. थप थप. थोडं थांबून, थप.

नीलमचं तोंड पडद्यावर थिजलं. मला वाटलं नेट अडकलं. पण तिच्या मागच्या रस्त्यावरून ट्रक जात होता, नीट जात होता.

"आई, कोण आलं?"

"नवनाथ. पक्कड विसरला व्हता."

"त्यो कवापासनं तशा चपला आपटाया लागला?"

ती लहान असताना तो आवाज झाला की हातातलं टाकून ओट्याकडं पळायची.

"आई." तिचा आवाज बारीक झाला होता. "टायरचं ऱ्हाऊ दे. आत्ता निघतो आमी. चौफुल्यावरनं येतो. येऊ का?"

'ये' एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर. घशापर्यंत आलं होतं. पण त्या गुलाबी खोलीशी मी इतकी भांडले होते, इतक्या लोकांसमोर भांडले होते, की ते अक्षर आडवं बसलं.

"कशाला?" मी म्हटलं. "टायर ठिव तू."

"दार लाव आई."

"लावते."

तिनं फोन ठेवला. मग पडदा काळा झाला आणि त्यात मला माझं तोंड दिसलं. खांद्याच्या मागं काय दिसतं ते बघायच्या आत मी पडद्यावरची ती खिडकी बंद केली.

७

नंतर मी नेटवर्कची यादी उघडली. का, ते विचारू नका. तोंड धुतल्यावर आरशात बघतो तशी.

'मळा' होतं, सगळ्यात वर. त्याच्या खाली दुसरी ओळ होती, रेंज पूर्ण भरलेली.

अगं.

एवढंच नाव. मी डोळे चोळेपर्यंत ओळ गेली.

मालकांनी मला जन्मात नावानं हाक मारली नाही. माझं नाव मुक्ताबाई. ते रेशनकार्डावर आहे आणि गावाच्या तोंडात आहे, त्यांच्या तोंडात कधी आलं नाही. पुरुषांचीही रीत तीच. मला 'अगं'. बांधावरून, ओट्यावरून, बाजेवर पडल्या पडल्या पाणी मागताना, 'अगं'. पडद्यावर माझं नाव आलं असतं तर मी म्हटलं असतं, कुणी तरी चेष्टा करतंय. नाव कुणालाही कळतं. 'अहो'सारखंच 'अगं'ही कुणालाही लागू पडतं म्हणा, पण ह्या मळ्यात 'अगं' म्हणावं अशी आता एकच बाई उरली आहे.

आणि माझ्या संगणकानं कुणालाही हाक मारलेली नव्हती. मी त्याला विसरायला लावलं होतं. म्हणजे ही हाक इकडून गेलेली नाही. ही तिकडून आली आहे.

पहिल्या हाकेला मी ओ दिली नाही. सासूबाईंची आठवण काढली आणि संगणक बंद केला.

दुसरी काल आली. दिवेलागणीलाच, नीलमशी बोलणं चालू असताना, पडद्याच्या कोपऱ्यात. नीलम टायरांचं सांगत होती, खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत भरली म्हणाली, आता पाय ठेवायला जागा न्हाई. मी हं हं करत होते. ओळ आली, थांबली, गेली. बाहेर बाजेचा पाय करकरला. दुसऱ्या हाकेलाही मी ओ दिली नाही.

नीलमला काही सांगितलेलं नाही. नवनाथला तर नाहीच, तो आता ओट्यावर न चढता अंगणातूनच "काकी, बऱ्या हायसा ना?" विचारून जातो.

आज हे सगळं उजेडात बसून टाइप केलं. वाचणाऱ्यानं म्हातारी भ्रमली म्हणावं, माझी हरकत नाही. आता ऊन उसाच्या शेंड्यांवर गेलं आहे. थोड्या वेळानं नीलमचा फोन येईल, मी तोंड दाखवीन, तिच्या मोबाइलच्या काचेवरून तिला बोलेन. करार पाळीन. मग ती जाईल, आणि पडदा काळा होईल.

माणूस असेल तर तिसरी हाक मारतं, असं सासूबाई म्हणायच्या. माणूस नसेल तर तिसरी मारत नाही, असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. मी तेव्हा नीट विचारून घ्यायला हवं होतं, पण मी हसत होते.

तिसरी आली तर ओ द्यायची की नाही, ते मी ठरवलेलं नाही. मी असली हटवादी बाई, अजून काहीच ठरवलेलं नाही.

दाराची कडी मात्र मघाशीच काढून ठेवली आहे.